गाव रिकामं असेल तो दिवस

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली, हे त्यानं मला त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. "आईला सांग," असंही म्हणाला होता. मी आईला सांगितलं नाही. ही गोष्ट आजवर कुणालाच ठाऊक नाही. आईला नाही, बायकोला नाही. बायको हे वाचेल तेव्हाच तिला कळेल. समोर बसवून सांगायला हवं होतं, पण माझं बोलणं ओठांपर्यंत येऊन माघारी फिरतं. आयुष्यभर असंच झालंय.

मी मुरुमजवळच्या एका गावचा. हायस्कुलात गणित शिकवतो. मास्तर माणसांपेक्षा फळ्याशी जास्त बोलतात, असं पोरं म्हणतात, आणि ते खरंय. भाऊ माझ्या अगदी उलटा. तो घरात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. बारावीनंतर त्याचं पुस्तकात मन लागेना, म्हणून ढोकीला साखर कारखान्यात चिकटला आणि तिथं पॅनमन झाला. पॅनमन म्हणजे रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवणारा माणूस. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घ्यायचा आणि अंगठा नि बोटात चोळून दाणा कितपत धरलाय ते बघायचं. ही चोळायची सवय त्याच्या हाताला कायमची लागली. जेवायला बसला, विचारात पडला, की अंगठा बोटावर फिरायला लागायचा. आई म्हणायची, "काय चोळलालास रं नुसतीच हवा?"

आपल्याकडचे पॅनमन आफ्रिकेतल्या कारखान्यांना हवे असतात. तोही गेला, टांझानियाला. आठवड्यातून एकदा माझ्या फोनवर त्याचा फोन यायचा. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळं ती फोनमध्ये ओरडायची, "जेवलास का? बरा हाईस का?" आणि फोन माझ्या हातात द्यायची. त्यांचं बोलणं एवढंच.

अशाच एका फोनवर त्यानं मला दोन गोष्टी एकदम सांगितल्या. तिथल्या मुलीशी लग्न केलंय, आणि आज सकाळी मुलगी झालीय. हसत होता आणि मधेच रडत होता. "दादा, न विचारता लग्न केलं म्हणून आई रागावंल. तू मोठा हाईस, तू सांगितलंस तर ऐकंल. सांगशील न्हवं?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्या वेळी आई पलीकडं अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. तिच्यापर्यंत चालत जायचं होतं, बस. मी गेलो नाही.

पुढं तो विचारायचा, "आई काय म्हणली?" मी म्हणायचो, "थांब जरा, राग निवू दे." राग कुणाला आलाच नव्हता. त्याला मात्र वाटत राहिलं की आई गप्प आहे म्हणजे तिनं तोडलंय. त्यामुळं आईशी बोलताना त्यानं तो विषय कधी काढला नाही. आई बोलवंल तेव्हा लेकीला घेऊन येईन, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. गाव काय म्हणेल, आईला सोसेल का, भावकी नावं ठेवेल. आता खरं लिहितो. ती सगळी कारणं मी नंतर गोळा केली होती. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. बायकोनं दवाखाने केले, उपास केले, उमरग्यापासून सोलापूरपर्यंत डॉक्टर पालथे घातले. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. अशात धाकट्याला मुलगी झाली. मी जळलो. आईला कळलं तर तिचा सगळा जीव त्या लेकराकडं जाईल आणि आमच्या रिकाम्या खोलीकडं ती वेगळ्या नजरेनं बघेल, अशी भीती वाटली. एवढंच. एवढ्यासाठी मी एका बापाचा आनंद गिळून बसलो.

मग त्याची बायको तापानं गेली. मुलगी नुकतीच चालायला लागली होती. हेही त्यानं मलाच सांगितलं, आणि हेही माझ्यापाशीच राहिलं. पुढं दोनेक वर्षांनी पावसात कारखान्यातून घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि तोही गेला. तिथले लोक त्याची रक्षा घेऊन आले. आई त्या डब्याशी बोलत बसली होती. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

तेरावा झाल्यावर तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका फिटरचा फोन आला. हा आपल्याच बार्शीकडचा माणूस. माझे हात पिठात होते म्हणून बायकोनं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मास्तर, तुमच्या भावाची लेक तिच्या आजीजवळ हाय. म्हातारी थकलीय. पुढं कसं करायचं?"

बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. "लेक? कुणाची लेक?"

मी तिच्याकडं बघून म्हणालो, "मला तरी कुठं ठाऊक!"

असा मी पुन्हा खोटं बोललो. पण बायकोचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती फोनच्या अगदी जवळ जाऊन विचारत होती, "केवढी हाय? काय खाती? कुणासारखी दिसती?" फोन ठेवल्यावर तिनं पोळी तव्यावर टाकली आणि पाठ न वळवता म्हणाली, "आणायची."

"अगं, परदेश हाय तो. कोर्ट असतंय, वकील असतंय..."

"असू द्या की. तुम्ही गणिताचे मास्तर हाव न्हवं? सोडवा."

सोडवायला दीड वर्ष लागलं. एक गोष्ट भावानं चांगली करून ठेवली होती. मुलीचा जन्म त्यानं आपल्या वकिलातीत नोंदवला होता, त्यामुळं तिला आपला पासपोर्ट मिळणार होता. पण ताबा तिथलं कोर्ट देणार आणि दत्तक इथल्या कोर्टात होणार. एका खेपेला मी एकटा जाऊन आलो, वकील गाठला, कोर्टात उभा राहिलो. त्या खेपेला मुलगी बीबीच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, पाठीमागं लपून राहिली. मला नुसता तिचा एक डोळा दिसला. आईला आम्ही सांगितलं होतं की भावाच्या कामाचे कागद आणायला जावं लागतं. मुलगी मिळेपर्यंत म्हातारीला आशा लावू नको, असं मी बायकोला बजावलं होतं. ती 'बरं' म्हणाली होती. तिचं 'बरं' मी शब्दशः घेतलं, ही माझी चूक.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघं गेलो. बायकोनं बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि अंदाजानं शिवलेला परकर-पोलका घेतला होता. परकर-पोलका तिथं एका तीन वर्षांच्या पोराला बसला आणि ते पोर तो काढायला तयार होईना.

बीबीचं अंगण मोठं होतं. आंब्याचं झाड, कोंबड्या, मागं मक्याचं रान. बीबी खुर्चीवर ताठ बसली होती. फिटर मधे बसून इकडचं बोलणं तिकडं करत होता. बीबीनं पाणी दिलं, गावाचं विचारलं, पाऊस विचारला. मग माझ्याकडं बघून एक प्रश्न केला. फिटरनं सांगितलं, "म्हातारी विचारती, तुमचा भाऊ म्हणायचा की त्यानं आईला कळवलंय. मग तिकडच्या आजीनं नातीशी एकदाही बोलावं वाटलं न्हाय का?"

"तिला कमी ऐकू येतंय," मी म्हणालो.

शब्द खरे होते आणि उत्तर खोटं होतं. बायकोला वाटलं, म्हातारीच्या मनाला लागू नये म्हणून मी सावरून घेतलं. बीबी मात्र माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग उठून चुलीकडं गेली.

मुलगी पाच वर्षांची होत आली होती. तिनं आमच्याकडं यायचं नाव काढलं नाही. बायकोनंही तिला हाक मारली नाही. आमच्या घरात कुणी रुसलं की हीच तिची पद्धत, आपण आपलं काम करत राहायचं. ती सरळ बीबीच्या चुलीपाशी बसली, परातीत पीठ मळलं आणि भाकरी थापायला लागली. तिथं चपाती लाटतात, चपातीच म्हणतात. पण हातावर थापलेली भाकरी त्यांनी बघितली नव्हती. थप थप थप आवाज ऐकून सगळं अंगण गोळा झालं. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली. भाकरी फिरली की पोरं ओरडायची. आणि गर्दीच्या पायांमधून वाट काढत मुलगी पुढं आली. तिनं परातीतलं चिमूटभर पीठ उचललं, अंगठा आणि बोटात धरलं आणि चोळायला लागली. भुवया वर, मान जराशी वाकडी.

अगदी तसंच. दाणा धरलाय का बघावं तसं.

बायकोनं तिच्या तळहातावर लिंबाएवढा गोळा ठेवला. तिनं थापला. भाकरीचा नकाशा झाला. तो तिनं आधी बीबीला दाखवला आणि मग, थोडा विचार करून, माझ्या बायकोला. संध्याकाळी ती तिला 'मामा' म्हणाली. तिकडच्या भाषेत मामा म्हणजे आई. फिटर पोट धरून हसला. "वहिनी, तुमी मामा झालाव!" बायको हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

कोर्टात शेवटच्या तारखेला न्यायाधीश बाईंनी विचारलं, ही मुलगी तुम्हाला का हवी आहे? मी रात्रभर इंग्रजीत उत्तर पाठ केलं होतं. पण त्यांनी विचारलं बायकोला. ती मराठीत म्हणाली, "आमची हाय म्हणून." फिटरनं त्याचं केवढं तरी लांब भाषांतर केलं. न्यायाधीश बाई हसल्या. बहुतेक त्यांना मूळ उत्तर आधीच कळलं होतं.

निघायच्या दिवशी बीबीनं बायकोला वाकायला लावलं, मुलीला तिच्या पाठीवर ठेवलं आणि आपल्या अंगावरचं पिवळं-तांबडं कापड, कांगा म्हणतात त्याला, दोघींभोवती आवळून छातीवर गाठ मारली. एकदा सोडून बायकोला पुन्हा बांधायला लावलं. गाठ सैल झाली तेव्हा खांद्यावर चापट मारली. तिसऱ्यांदा जमली. मग बीबीनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं न बघता आत गेली.

आता दुसरी कबुली. परतीचं तिकीट मी काढलं होतं आणि तारीख मी निवडली होती. येळवशीची.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातली ही अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस शिल्लक राहत नाही. सगळं घरदार पहाटे शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची. आंबिलीनं भरलेली बिंदगी, छोटी घागर, डोक्यावरून आणायची. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, खीर, आणि दिवस मावळेपर्यंत रानातच. घरांना कुलपं, गल्ल्या ओस, शाळा बंद. मी हिशोब केला. सकाळी हैदराबादला उतरायचं, दुपारी गाव गाठायचं. रस्त्यावर कुणी नसेल. आई गुडघ्यांमुळं यंदा शेतात जाणार नाही म्हणाली होती. म्हणजे मुलीला गुपचूप घरात न्यायचं, आईसमोर बसवायचं, काय व्हायचं ते चार भिंतींत होईल. गावाचे डोळे तिच्या रंगावर, तिच्या केसांवर पडायच्या आधी. मी तिला लपवून आणत होतो. जन्मली तेव्हा लपवली तशीच.

हैदराबादहून उमरग्याचा ओळखीचा गाडीवाला घेतला. पन्नाशीचा गडी, मागच्या सीटकडं सारखा आरसा वळवून बघायचा. "मास्तर, पोरगी लई गोड हाय की वो." मी 'हं' म्हणायचो. कर्नाटक ओलांडून उमरग्यात आलो तर बाजार बंद, चौकात चिटपाखरू नाही. माझा जीव भांड्यात पडला. मुरुमच्या रस्त्याला वळलो आणि बघतो तर काय, दोन्ही बाजूंची रानं माणसांनी फुललेली. प्रत्येक शेतात कोप, प्रत्येक कोपीसमोर पंगत. गावं रिकामी होती, कारण गावं रस्त्याच्या कडेला येऊन बसली होती. आख्खा जन्म येळवस केलेल्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. मी काच वर केली.

तेवढ्यात मुलगी उठली आणि बायकोच्या कानात काहीतरी म्हणाली. बायको म्हणाली, "गाडी थांबवा. तिला लागलीय."

"जरा पुढं..."

"पुढं न्हाय. आत्ता."

गाडी थांबली ती बरोबर एका पंगतीसमोर. बायको तिला बांधाआड घेऊन गेली आणि परत येताना कांग्यात पाठीवर बांधूनच आली. पंगतीतले सगळे हात ताटात थांबले. एक लुगडं नेसलेली म्हातारी उठून पुढं आली.

"कुठनं आलाव?"

"हैदराबादहून," मी घाईनं म्हणालो. "उशीर झालाय."

"येळवशीला उपाशी जाताव व्हय आमच्या बांधावरनं?" तिनं गाडीवाल्याकडं बघितलं. तो आधीच चप्पल काढून पंगतीत बसला होता. म्हातारी बायकोकडं वळली. "कुणाची गं ही?"

बायको म्हणाली, "आमची."

मुलीनं पाठीवरूनच मान झुकवली आणि म्हणाली, "शिकामू." मोठ्या माणसाला तिकडं असंच म्हणायचं असतं.

"काय म्हणतीय?"

"पाया पडते म्हणतीय, आत्या," बायको म्हणाली.

"अगं बया! औक्षवंत हो. माझी नातवंडं तर मोबाईलमधनं मान वर करंनात!"

मागून एका तरण्या गड्यानं हळूच काहीतरी पुटपुटलं. लोक हसले. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण अर्थ कळला. याच क्षणाला मी इतकी वर्षं घाबरत होतो. म्हातारी गर्रकन वळली.

"काय रं? सकाळधरनं काळी माती पुजलालास, तिच्याम्होरं नाक घासलंस, आन काळी पोरगी बघून दात काढतूस? ऊठ. तिला पाट दे तुझा."

तो उठला. खरंच उठला, लाजला, आणि आपला पाट पुढं सरकवला.

मुलीसमोर भज्जी आली, उंडा आला. तिनं संशयानं बघितलं. मग म्हातारीनं वाटीत आंबील ओतली. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबट. मुलीनं एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि ओरडली, "उजी!" तिथं बीबी रोज सकाळी तिला आंबवलेल्या पिठाची पेज द्यायची, तिचं नाव उजी. वाटी एका दमात संपली. तिनं ती पुन्हा पुढं केली. दुसरी संपली. तिसऱ्या वाटीला आख्खी पंगत मोजायला लागली. आमच्याकडं शहरातून आलेली पाहुण्यांची लेकरं आंबील बघून नाक मुरडतात. ही सातासमुद्रापलीकडून आली आणि ओठावर आंबिलीची मिशी येईपर्यंत प्याली.

"आपलीच हाय," कुणीतरी ठामपणे म्हणालं, आणि त्यावर चर्चा झाली नाही.

तिथून पुढं लपण्याचा प्रश्नच उरला नाही. ट्रॅक्टरवरच्या एकानं आमच्या गावच्या सोयऱ्याला फोन लावला. आमच्या गाडीच्या पुढं बातमी पळत होती. पुढच्या वळणावर लोक हात करून उभे, त्याच्या पुढच्या बांधावर बायका तांब्या घेऊन उभ्या. प्रत्येक ठिकाणी घोटभर तरी घ्यावंच लागलं. मुलगी प्रत्येक पिकल्या केसाला 'शिकामू' म्हणत होती आणि प्रत्येक पिकला केस तिला आशीर्वाद देत होता. मी काच खाली केली. वर करायचं मग सुचलंच नाही.

गावाच्या शिवेवर गाडी घराकडं वळवा म्हणालो, तर बायको म्हणाली, "शेताकडं."

"आई घरी असंल."

"शेतात हाईत त्या."

मी मागं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "फिटर भावजींचा फोन आला त्याच दिवशी म्या त्यास्नी सांगितलं. तुमच्या तोंडाकडं बघत बसले असते तर पोरगी म्हातारी झाली असती."

दीड वर्ष या दोघी माझ्यासमोर गप्प राहिल्या होत्या. मी कागद आणायला जातो म्हणत होतो आणि आई 'जा, संभाळून जा' म्हणत होती!

आमच्या शेतात कोपीसमोर भावकी उभी होती. आई पुढं, हातात काठी, नवं हिरवं लुगडं. ज्वारी तिच्या डोक्याच्या वर गेलेली. बायको गाडीतून उतरली, मुलीला पाठीवर घेतलं, गाठ आवळली आणि पिकाच्या मधल्या पायवाटेनं चालायला लागली. मी मागं राहिलो. कणसांच्या वरून मला फक्त तो पिवळा-तांबडा रंग आणि एक कुरळं डोकं पुढं जाताना दिसत होतं. आयुष्यात एवढी मोठी मिरवणूक मी बघितली नाही.

आईपाशी गेल्यावर मुलगी खाली उतरली. "शिकामू," म्हणाली. आईला ऐकू आलं नाही. आई खाली वाकू शकत नव्हती, म्हणून मातीतच बसली, नव्या लुगड्यासकट. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मुलगी विचारात पडली. आणि तिचा अंगठा बोटावर फिरायला लागला.

आईनं तो हात धरला. मग आई तिच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "काय चोळलालीस गं नुसतीच हवा?" आणि तिला कुशीत ओढलं. मुलगी आधी ताठ होती, मग सैल पडली. रानभर येळवशीची ती जुनी आरोळी उठली, अर्धी कानडी अर्धी मराठी, जिचा अर्थ आमच्यात कुणालाच सांगता येत नाही. पोरं बांधाबांधानं आंबील शिंपडत पळाली. मी कोपीच्या मागं जाऊन मनसोक्त रडलो आणि तोंड धुऊन परत आलो.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दिवस कलायला लागल्यावर आई माझ्याशेजारी येऊन बसली. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. आई तिच्या केसांवर हात फिरवत म्हणाली, "समदं मिळालं बघ. एकच सलतंय. माझ्या लेकानं मला का रं सांगितलं न्हाय? म्या काय त्याला खाल्लं असतं?"

बायको म्हणाली, "जाऊ द्या आत्या. यास्नीबी कुठं ठाऊक होतं!"

मी समोरच्या ज्वारीकडं बघत राहिलो.

दत्तकाचा हुकूम पुढं धाराशिवच्या कोर्टात झाला. मुलगी आता आमच्याच शाळेत दुसरीला आहे. 'मला न्हाय येत' असं बिनचूक आमच्यासारखं म्हणते. पाढे माझ्याकडून शिकते आणि भाकरी थापायला आजीकडून. अजून नकाशाच होतो. ती भेटल्यापासून मी घरात बोलायला लागलोय, असं बायको म्हणते. खरंय. एवढंच एक सोडून.

महिन्यातून एकदा बीबीचा व्हिडिओ फोन असतो. दोन्ही आज्या पडद्याला तोंड लावून एकमेकींना न्याहाळतात. सुरुवातीला मधे मी बसायचो, जमेल तेवढं तिकडचं शिकून. बीबीनं एकदा आईसाठी प्रश्न केला, मुलगी झाली हे लेकानं कळवलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मी आईला सांगितलं, ती तुझी तब्येत विचारतीय. काही महिन्यांनी बीबीनं तोच प्रश्न पुन्हा केला. मी पुन्हा तब्येतच सांगितली.

आता मधे मुलगी बसते. तिला दोन्हीकडचं येतं आणि ती काही गाळत नाही. बीबी तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा ती सरळ आईला सांगेल. माझ्या आधी तिच्या तोंडून ते जाऊ नये. ते काम तिचं नाही.

येळवस जवळ आलीय. आईच्या मनात तिचा धाकटा लेक लपवाछपवी करणारा ठरलाय, आणि उद्या त्याच्या मुलीच्या मनातही तसाच ठरेल. तो तसा नव्हता. त्यानं पहिल्याच दिवशी फोन केला होता, हसत आणि रडत, आणि आईला सांग म्हणाला होता. मी सांगितलं नाही. हे आईच्या समोर बसून, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.